लस नव्हती हे खरं होतं, तरी बोलली म्हणून निलंबन: सरकारी कर्मचाऱ्याने लोकांसमोर बोलावं का?

औषधखिडकी

मी एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्या बाईबद्दल लिहितेय तिची चौकशी अजून चालू आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास साप चावलेला एक शेतमजूर आमच्याकडे आणला. सर्पदंशावरच्या लशीची एकही कुपी शिल्लक नव्हती. सहा दिवसांपासून नव्हती. मागणीपत्र दोनदा गेलं होतं, दोन्हींच्या पोचेवर आवक क्रमांक आहेत आणि ती दोन्ही पत्रं मी स्वतः लिहिली होती. ड्युटीवरच्या अधिपरिचारिकेने सलाईन लावलं, १०८ बोलावली, जिल्हा रुग्णालयाला फोन करून पेशंट पाठवतोय म्हणून कळवलं. नातेवाईक चिडलेले होते आणि ते चिडणं साहजिक होतं. त्यातल्या एकाने मोबाईल समोर धरला. सिस्टर म्हणाली, "सहा दिवस झाले लस नाही. आम्ही दोनदा मागितली. मी कुठून आणू सांगा." बोलणं एवढंच झालं. पेशंट वाचला, पण व्हिडिओ जिल्हाभर फिरला.

तिसऱ्या दिवशी लस आली. चौथ्या दिवशी सिस्टरला कारणे दाखवा नोटीस आली: शासनाची प्रतिमा मलीन केली, वर्तणूक नियमांचा भंग केला. सोबत २८ जुलै २०२५ च्या समाजमाध्यमांबाबतच्या शासन निर्णयाचा हवाला. व्हिडिओ तिने काढलेला नाही, कुठे टाकलेलाही नाही. अकराव्या दिवशी निलंबन, निलंबन काळातलं मुख्यालय नव्वद किलोमीटरवरचा तालुका. निलंबनाच्या नव्वद दिवसांच्या मुदतीला दोन दिवस उरले असताना दोषारोपपत्र हातात पडलं. आता तिला चौकशीच्या अधीन राहून कामावर घेतलंय, पण दुसऱ्याच तालुक्यात.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट सांगते. नोटीस, निलंबन आदेश, दोषारोपपत्र असे तीनही कागद मी वाचलेत. त्या रात्री लस होती की नव्हती, हा प्रश्न त्यात एकदाही नाही. दोषारोपपत्रासोबतच्या कागदपत्रांच्या यादीत व्हिडिओतल्या बोलण्याचा उतारा आहे, वर्तमानपत्राचं कात्रण आहे. साठा नोंदवही नाही. सिस्टरने बचावासाठी नोंदवही मागितली तेव्हा चौकशी अधिकारी तोंडी म्हणाले, "तिचा इथे संबंध नाही."

माझं मत सरळ आहे. लोकांच्या जिवाशी संबंध असलेली खरी गोष्ट सांगितल्याबद्दल सरकारने कर्मचाऱ्यावर हात उगारला, तर त्या कारवाईचं समर्थन करायची जबाबदारी सरकारची असली पाहिजे, कर्मचाऱ्याची नाही. पटत नसेल तर जरूर लिहा. इथे दोन्ही बाजूंची माणसं आहेत हे मला माहीत आहे.

सातबारा

ताई, सिस्टरबद्दल वाईट वाटलं. तरी मी विरोधात लिहिणार आहे. ३४ वर्षं महसुलात काढली, तहसीलदार म्हणून निवृत्त झालो.

सरकारी माणूस सरकारवर जाहीर टीका करू शकत नाही हा नियम काही परवा आलेला नाही. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत नववा नियम नेमका हाच आहे, आपल्या राज्याचे नियम १९७९ चे आहेत. त्यामागे कारण आहे. मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाताखाली मतमोजणीच्या टेबलावर बसलोय. समोर चार पक्षांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. त्यांच्यापैकी एकालाही माझं राजकीय मत माहीत नव्हतं, म्हणून मी वाचलेला आकडा ते लिहून घ्यायचे. आदल्या महिन्यात मी सरकारच्या धोरणावर चार ओळी खरडल्या असत्या, तर त्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवला असता?

दुसरं म्हणजे, बोलायला जागा नाही हे म्हणणं मला मान्य नाही. नस्ती, म्हणजे कार्यालयातली फाईल, आहे ना! वरिष्ठाने चुकीचं सांगितलं तर टिप्पणीत लिहा, "नियमात बसत नाही, तरी आदेश व्हावेत." मी लिहिलंय. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की तोंडी आदेशावर काम करू नका, लेखी घ्या. नस्तीवरचा शेरा कुणी पुसू शकत नाही आणि २००५ पासून तो माहितीच्या अधिकारात बाहेरही येतो. कॅमेऱ्यासमोर बोललं की दोन दिवस वाहवा होते, आणि कार्यालयात एकमेकांवरचा विश्वास कायमचा जातो.

औषधखिडकी

काका, तुम्ही लिहिलेलं मतमोजणीचं टेबल मला पटलं. तिथे तुमचं मत कुणाला कळू नये, हे बरोबरच.

पण सिस्टरकडे कुठली नस्ती? तिच्याकडे रात्रपाळीचं रिपोर्ट बुक, इंजेक्शनचा ट्रे आणि समोर काळानिळा पाय घेऊन पडलेला माणूस. नस्ती असते ती तुमच्या-आमच्या टेबलावर. वायरमन, एसटीचा वाहक, अंगणवाडी सेविका, सफाई कामगार यांनी शेरा कुठे मारायचा? आणि जिथे लिहायची सोय होती तिथे आम्ही लिहिलं होतं. दोन मागणीपत्रं म्हणजे नस्तीच की. त्या कागदांनी सहा दिवसांत काही आणलं नाही, त्या वीस सेकंदांनी तीन दिवसांत लस आणली.

शिवाय तिने टीका केलीच नाही. "हे सरकार नालायक आहे" असं म्हणाली असती तर टीका झाली असती. ती म्हणाली, लस नाही. साठा नोंदवहीत जे लिहिलंय तेच तोंडाने सांगितलं.

करदाता

मी सरकारी नोकरीत नाही, त्यामुळे बाहेरचा माणूस म्हणून बोलतो. राग येईल कदाचित.

नोकरी कायम, पगार वेळेवर, काढून टाकायचं तर घटनेच्या ३११ कलमाचं कवच. खाजगी कंपनीतल्या माणसाने आपल्या कंपनीबद्दल कॅमेऱ्यासमोर असं काही सांगितलं तर संध्याकाळी घरी पाठवतात, चौकशीही नाही अन् निलंबनात मिळतो तसा निर्वाह भत्ताही नाही. मग यांनाच वेगळा न्याय का?

आणि मी डोळ्यांनी पाहिलेला प्रकार सांगतो. आमच्या भागातल्या एका कार्यालयात एकाच्या टेबलावर पैसे घेतल्याची तक्रार झाली. कारवाई येणार असा वास लागला तसा याने वरिष्ठांविरुद्धचे कागद पत्रकाराला दिले. मग निलंबन झालं तेव्हा बोंब अशी की मी भ्रष्टाचार उघड केला म्हणून सूड घेतला. खरं बोलणारा कोण आणि ढाल करणारा कोण, हे लोकांनी कसं ओळखायचं? कोविडमध्ये प्रत्येक डॉक्टर व्हिडिओ काढत बसला असता तर लोकांमध्ये केवढी घबराट पसरली असती!

मॅटची_पायरी

मी सेवाविषयक प्रकरणं चालवतो, बहुतेक महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे. करदाता, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे साधं उत्तर आहे: तारखा बघा. पक्षकार पहिल्यांदा येतो तेव्हा मी हकीकत ऐकायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडतो. डावीकडे तो कधी बोलला, कुणाला लिहिलं, आवक क्रमांक काय. उजवीकडे नोटीस कधी, बदली कधी, गोपनीय अहवालातला शेरा कधी घसरला. तुम्ही सांगितलेल्या माणसाची तक्रार आधीची आहे आणि कागद फोडणं नंतरचं, म्हणजे त्याची ढाल तारखेतच फुटते. सिस्टरच्या बाबतीत उलट आहे. पण एवढ्या वर्षांत "तू बोललास म्हणून" असं लिहिलेला आदेश मी एकही पाहिला नाही. आदेशात असतं "प्रशासकीय कारणास्तव", "लोकहितास्तव", "कामाची निकड". प्रत्येक कागद सुटा घेतला तर नियमातच बसतो. सूड दोन कागदांच्या मधल्या दिवसांत असतो, आणि ते दिवस कुठल्याच कागदावर लिहिलेले नसतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. नोकरीत आलात म्हणून मूलभूत हक्क दारात ठेवून यायचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं. संपाचा हक्क दिला नाही, पण निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली. २०२० च्या जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयासमोर निवृत्तीला चार दिवस असताना निलंबित केलेल्या बाईंचं प्रकरण होतं. एका राजकीय सभेला हजर राहिल्या आणि फेसबुकवर लिहिलं, एवढाच आरोप. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिक्षा म्हणून केलेली बदली टिकत नाही, असं २००९ च्या सोमेश तिवारी निकालात आहे. आपल्या राज्याचा २००५ चा बदल्यांचा कायदा तर साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ देतो, मध्येच हलवायचं तर लेखी कारण आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता मागतो.

कायदे आहेत, पण ते वापरायला वकील लागतो, तारखा लागतात आणि निर्वाह भत्त्यावर घर चालवायची ताकद लागते. पहिले तीन महिने अर्धपगारी रजेइतकी रक्कम हातात येते. तीसुद्धा दर महिन्याला "मी इतरत्र कुठेही नोकरी किंवा धंदा करत नाही" असं प्रमाणपत्र लिहून दिल्यावर. हे प्रमाणपत्र लिहिताना हात थांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

सातबारा

वकीलसाहेब, कायदा बरोबर सांगितलात. पण एक भर घालतो. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा संसदेने २०१४ मध्ये केलाय. मला तो मार्ग मान्य आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे नावानिशी तक्रार करायची, तुमचं नाव गुप्त राहणार, मुद्दाम खोटी तक्रार केलीत तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दोन्ही बाजूंना वेसण आहे. कॅमेऱ्याला माझा विरोध आहे, तक्रारीला नाही.

मॅटची_पायरी

साहेब, तो कायदा लागूच झालेला नाही. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली, अंमलात आणायची अधिसूचना निघालीच नाही. २०१५ मध्ये त्यात बदल सुचवणारं विधेयक आलं, ते लोकसभेतून पुढे गेलं आणि मग बारगळलं.

गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे की औषधखिडकी ताईंनी पहिल्या पोस्टच्या शेवटच्या परिच्छेदात जे मागितलं ते त्या कायद्यात शब्दशः आहे. तक्रारदाराला छळलं गेलं असा आरोप झाला, तर ही कारवाई सूडाची नाही हे सिद्ध करायचा भार सार्वजनिक प्राधिकरणावर. माझ्या दोन रकान्यांना त्या एका वाक्याने बळ आलं असतं. आज तो भार आम्ही उचलतो, आणि दुष्ट हेतू सिद्ध करणं किती कठीण हे मॅटची पायरी चढलेल्याला विचारा.

हा कायदा का आला तेही आठवू या. सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचा स्थापत्य अभियंता, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. २००२ मध्ये त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून कामातले गैरप्रकार कळवले आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र त्याच्या नावासकट या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा खून झाला. तो कॅमेऱ्यासमोर गेला नव्हता, साहेब. तुम्ही सांगताय त्याच मार्गाने गेला होता.

सातबारा

दुबे प्रकरणात एक गोष्ट नोंदवायला हवी. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासात लूटमारीतून खून असं पुढे आलं आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. खुनाचा संबंध पत्राशी जोडताना जपून बोलावं.

मॅटची_पायरी

मान्य. म्हणून मी खून कुणी केला यावर काहीच लिहिलं नाही. नाव गुप्त ठेवा म्हणणाऱ्या माणसाचं नाव पत्राबरोबर फिरलं, एवढंच म्हणतोय, आणि त्यासाठी न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. त्याच्या मृत्यूनंतर २००४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी घ्यायची सोय केली. ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी. राज्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरची तक्रार त्यात बसत नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २०१२ चं घ्या. जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांच्या वाढीव खर्चाबद्दल आणि कामाच्या दर्जाबद्दल वरपर्यंत पत्रं लिहिली. रीतसर, आतल्या आत. ती बाहेर आल्यावरच राज्याला श्वेतपत्रिका काढावी लागली, चौकशीसाठी चितळे समिती नेमावी लागली. पत्रं दडून राहिली असती तर काय झालं असतं, हे तुम्हीच सांगा.

अकरामहिने

सगळे निलंबन, मॅट, ३११ बोलताय म्हणून लिहितो. मी आरोग्य विभागात कंत्राटी आहे. आम्हाला यातलं काहीच नाही.

आम्हाला निलंबित करत नाहीत. अकरा महिन्यांचा करार संपतो, मधे एक-दोन दिवसांचा खंड पडतो, मग पुनर्नियुक्तीची यादी लागते. यादी कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवतात. माझ्यासोबतच्या एकाने बैठकीत विचारलं होतं की प्रवास भत्ता आठ महिने का अडकला. आवाज चढवला नव्हता, फक्त विचारलं. पुढच्या यादीत तो नव्हता. आदेश नाही, कारण नाही, त्याच्याविरुद्ध एक ओळही लिहिलेली नाही. मॅटला जाऊन दाखवायचं काय, कोरी भिंत? आणि जुलै २०२५ च्या त्या शासन निर्णयात आमचं नाव मात्र न चुकता घेतलंय, कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू. बंधनं कायम नोकराची आणि संरक्षण रोजंदाराचं.

करदाता दादा, तुम्ही खाजगी कंपनीचं म्हणालात. आमची अवस्था तीच आहे. म्हणून तर आमच्यापैकी कुणी बोलत नाही, आणि म्हणून तुमच्या गावच्या दवाखान्यात काय संपलंय ते तुम्हाला कळत नाही.

फळाखडू

जिल्हा परिषदेचा शिक्षक. आम्हाला तर मॅटही नाही, थेट उच्च न्यायालय. तालुक्यातल्या मास्तरने औरंगाबादला किंवा नागपूरला वकील कधी करायचा?

मला मात्र सरकारपेक्षा आपल्याच लोकांचा राग येतोय. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी आपण सात दिवस संप केला, मीही बसलो होतो, १४ ते २०. लाखो माणसं एकत्र आली. त्यातल्या एका संघटनेचं एक पत्र तरी सिस्टरसाठी गेलं का? ताईंनी लिहिलं नाही, पण मी पैजेवर सांगतो, नसेल गेलं. महागाई भत्त्याला आपण एक होतो, आणि एकटी बाई खरं बोलते तेव्हा "तिने तरी कशाला तोंड उघडलं" म्हणणारे पहिले आपणच असतो.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं बरोबर नाही. आमच्या केंद्रातल्या एका शिक्षकाने गावच्या ग्रुपवर एका समाजाबद्दल घाणेरडं लिहिलं. त्याच समाजाची मुलं त्याच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. त्याच्यावर कारवाई झाली तेव्हा तोही म्हणाला, माझ्या अभिव्यक्तीवर घाला. मी स्वतः त्याच्याविरुद्ध जबाब दिला. त्यामुळे "कर्मचाऱ्याने काहीही बोलावं" या बाजूला मी नाही.

करदाता

फळाखडू, मग रेष कोण ओढणार? आज तुम्ही त्या शिक्षकासाठी ओढली, उद्या साहेब सिस्टरसाठी ओढेल. प्रत्येकाला आपली रेष बरोबर वाटते. त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम बरा, बोलू नका.

आणि अकरामहिने, तुमची गोष्ट वाचून वाईट वाटलं. खाजगीशी केलेली तुलना मी मागे घेतो. तिथे मी ग्राहक असतो, दुसरीकडे जाऊ शकतो. सरकारी दवाखान्याला दुसरीकडे नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बाकी मुद्द्यावर मी ठाम आहे.

औषधखिडकी

रेष अवघड आहे खरी, पण या प्रकरणात ती इतकी अंधुक नाही. त्या शिक्षकाने जे लिहिलं ते पडताळून पाहण्यासारखं नव्हतंच, तो द्वेष होता आणि त्याची इजा समोरच्या बाकावर बसली होती. सिस्टरचं वाक्य पडताळता येतं. नोंदवही उघडा, पान काढा, एक मिनिट लागेल. ती खोटं बोलली असेल तर जरूर शिक्षा करा, मी साक्षीला येईन. माझं म्हणणं एवढंच की शिक्षा करायच्या आधी ते पान उघडा.

कोविडबद्दल तुम्ही लिहिलंत की घबराट पसरली असती. एप्रिल २०२० मध्ये आंध्रातल्या नरसीपट्टणमच्या सरकारी रुग्णालयातले भूलतज्ज्ञ डॉ. सुधाकर राव म्हणाले की आम्हाला एन-९५ मास्क मिळत नाहीत. त्यांना निलंबित केलं. मे महिन्यात विशाखापट्टणमच्या रस्त्यावर त्यांचे हात मागे बांधून पोलिसांनी त्यांना नेलं, ते चित्र देशाने पाहिलं. उच्च न्यायालयाने चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिली. वर्षभराने हृदयविकाराने ते गेले. वुहानच्या ली वेनलियांग यांना ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याबद्दल समज दिली आणि सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते त्याच रोगाने गेले, मार्चमध्ये ती समज मागे घेतली गेली. घबराट त्यांच्या बोलण्याने पसरली नाही हो. त्यांना गप्प केल्यावर बाकीचे शंभर जण गप्प झाले, तो धोका मोठा.

आमच्याकडे ते झालंय. परवा रेबीजच्या लशीचा साठा खाली आला. एका पेशंटच्या वडिलांनी खिडकीशी विचारलं, "मॅडम, पुढच्या डोसला लस असेल ना?" माझ्याकडे चार कुप्या होत्या आणि यादीत नऊ माणसं. खरं सांगायचं तर "तालुक्याला विचारून ठेवा" असं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "साहेबांना विचारा." त्यांच्या हातात फोन होता, म्हणून. घरी जाऊन जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करून खरं सांगितलं, पण खिडकीत मी घाबरले हे राहिलंच.

सातबारा

ताई, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

माझं मत बदललेलं नाही. समाजमाध्यमांवर कर्मचाऱ्याने धोरणावर लिहू नये, हेच म्हणेन. पांढरे यांच्या पत्रांबद्दल वकीलसाहेबांनी विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, हेही कबूल करतो.

पण सिस्टरच्या चौकशीत जे चाललंय ते मलाही चालणार नाही. मी आठ-दहा विभागीय चौकश्या केल्यात, चौकशी अधिकारी म्हणून. शिस्त व अपील नियमांतल्या आठव्या नियमाखाली अपचाऱ्याला, म्हणजे ज्याची चौकशी चालू आहे त्याला, बचावाची कागदपत्रं मागता येतात. ती असंबद्ध वाटली तर नाकारता येतात, पण कारण लेखी नोंदवून. तोंडी "संबंध नाही" म्हणणं म्हणजे नाकारणंच नव्हे. त्यामुळे सिस्टरला असं करायला सांगा:

पुढच्या तारखेला लेखी अर्ज द्यायचा. विषय: बचावाकरिता अभिलेख उपलब्ध करून देणेबाबत. मजकुरात नोंदवहीचं नाव, लशीचं पान, त्या सहा दिवसांच्या तारखा आणि दोन्ही मागणीपत्रांचे जावक क्रमांक. संबद्धता एका वाक्यात: "माझे विधान सत्य होते किंवा कसे, यावर दोषारोप क्रमांक एकचा निर्णय अवलंबून आहे." दोन प्रती, एकीवर पोच. त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीत अर्ज दिल्याचा उल्लेख आल्याशिवाय सही करू नका. नाकारलं तर लेखी नकार मागा, तोच पुढे वकीलसाहेबांच्या उपयोगी पडेल.

त्याशिवाय आजच माहितीच्या अधिकारात त्याच पानाची साक्षांकित प्रत मागा. ३० दिवस लागतात, म्हणून थांबू नका. अर्ज तुम्ही नका करू ताई, तुमच्याच कार्यालयाची नोंदवही आहे, उगाच तुमच्यावर डोळा जाईल. माझ्या नावाने करतो. मला आता कोण बदली करणार!

औषधखिडकी

काका, सिस्टरला फोन केला. पुढची तारीख सोमवारी आहे. अर्ज आज रात्री बसून लिहितो दोघी. पान मला पाठ आहे, तिच्याच अक्षरात आहे, त्या रात्रीचं: आरंभीची शिल्लक शून्य, प्राप्त शून्य, अखेरची शिल्लक शून्य, खाली सही आणि वेळ, नऊ पन्नास.